चेंडू बोलतो तेव्हा: अंधांचे खेळ आणि तंत्रज्ञान चालते तरी कसे?

आंधळी कोशिंबीर न खेळलेला माणूस महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. ज्याच्यावर राज्य आले त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, त्याला दोन गिरक्या द्यायच्या आणि बाकीच्यांनी श्वास रोखून, पायांतल्या चपला काढून त्याच्या हाताखालून सटकायचे, एवढाच तो खेळ. त्याची सगळी गंमत एकाच गोष्टीवर उभी आहे: ज्याला दिसत नाही त्याच्यापासून इतरांनी आपला आवाज लपवायचा. अंध खेळाडूंच्या क्रीडाप्रकारांत नेमके याच्या उलट असते. तिथे आवाज लपवणाऱ्याला दंड होतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या अंध महिला क्रिकेट संघाने कोलंबोतील अंतिम सामन्यात नेपाळला सात गडी राखून हरवले आणि अंध महिलांचा पहिला टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला. त्यानंतरचे काही दिवस नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत एकच प्रश्न फिरत होता: दिसतच नाही, तर चेंडू मारतात कसा? कोणी म्हणाले की त्यांची बाकीची इंद्रिये तीक्ष्ण असतात, कोणी म्हणाले की ती जिद्द असते. जिद्द तर प्रत्येक खेळाडूकडे असते, त्यामुळे ते उत्तर म्हणून फारसे कामाचे नाही. खरे उत्तर चेंडूच्या पोटात आणि नियमांच्या पुस्तकात आहे.

घाट बंद झाला म्हणून मुंबई लांब जात नाही

कसारा घाटात दरड कोसळली की नाशिककर घरी बसत नाही, दुसऱ्या रस्त्याने मुंबई गाठतो. वाट बदलते, मुक्काम बदलत नाही. डोळे ही माहिती मेंदूपर्यंत पोहोचवणारी सर्वांत रुंद वाट आहे, यात वाद नाही. पण चेंडू कुठे आहे, तो किती वेगाने येतो आहे आणि समोरचा खेळाडू कोणत्या बाजूला आहे ही माहिती कानाने किंवा स्पर्शानेही मिळू शकते. अट एवढीच की कोणीतरी ती त्या वाटेवर आणून ठेवली पाहिजे. एखादी वस्तू, खेळ किंवा यंत्र अशा रीतीने घडवणे की दिसण्यावाचून अडू नये, याला ‘सुगम्यता’ म्हणतात. या लेखात एवढा एकच पारिभाषिक शब्द पुरेसा आहे.

कानाच्या वाटेबद्दल थोडे सांगितले पाहिजे. उजव्या बाजूने आलेला आवाज आधी उजव्या कानाला आणि मग डाव्या कानाला ऐकू येतो. दोन्हींमधले अंतर फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोनतृतीयांश इतके असते, तरी मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. मागून आलेल्या रिक्षाचा हॉर्न ऐकून आपण योग्य बाजूला सरकतो तेव्हा हेच गणित आपल्या नकळत झालेले असते. म्हणजे ही यंत्रणा सर्वांकडेच आहे. डोळस माणसाला ती वापरण्याची गरज फारशी पडत नाही, इतकेच.

चेंडूच्या पोटातले छर्रे

अंधांच्या क्रिकेटचा चेंडू कडक प्लॅस्टिकचा आणि पांढरा असतो व त्याच्या पोकळ पोटात बेअरिंगचे छर्रे घातलेले असतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम केलेल्या कोणालाही हे छर्रे दाखवावे लागणार नाहीत. चेंडू हलला की ते खुळखुळतात. या खेळाची सुरुवात १९२२ मध्ये मेलबर्नमधल्या अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे घालून केली होती. आजचा चेंडू म्हणजे त्या डब्याचाच सुधारलेला वंशज आहे.

आता चेंडू हवेतून उडत आला तर छर्रे फारसे वाजणार नाहीत. म्हणून गोलंदाजी अंडरआर्म, म्हणजे हात खालून फिरवून करावी लागते आणि चेंडूचा टप्पा खेळपट्टीच्या मध्याच्या अलीकडेच पडावा लागतो, जेणेकरून उरलेले अंतर तो जमिनीलगत वाजत येईल. चेंडू टाकण्याआधी गोलंदाज ‘रेडी?’ असे विचारतो, फलंदाज ‘येस’ म्हणतो आणि चेंडू सोडताना गोलंदाजाला ‘प्ले’ असे ओरडावे लागते. या तीन शब्दांमुळे फलंदाजाला चेंडू कुठून आणि केव्हा निघाला हे कळते. चेंडू सरपटत येत असल्यामुळे सर्वांत उपयोगाचा फटका स्वीपचा असतो. अंध फलंदाज गुडघा टेकून बॅट जमिनीलगत आडवी फिरवतो ती शैली म्हणून नव्हे, बॅटने शक्य तितकी जमीन झाकण्यासाठी.

गंगापूर रोडच्या बाजूच्या एका मैदानावर सराव चालू असताना मी हे स्वतः करून पाहिले. डोळ्यांवर रुमाल घट्ट बांधला, गुडघा टेकला, ‘येस’ म्हणालो. ‘प्ले’ ऐकू आले, पाठोपाठ खुळखुळ ऐकू आली आणि मी सर्व शक्तीनिशी बॅट फिरवली. बॅट फिरून झाल्यावर चेंडू माझ्या पायाला लागला. यष्टीमागचा खेळाडू, ज्याला अंधुक दिसते, हसून म्हणाला, “काका, घाई केलीत. चेंडू अजून बोलत होता.” पुढच्या पाच चेंडूंत मला एकदाही बॅट लावता आली नाही. मात्र त्याहून मोठा धडा नंतर मिळाला. एकाने मारलेला चेंडू सीमेजवळच्या गवतात जाऊन थांबला, आणि थांबला तसा गप्प झाला. क्षेत्ररक्षक दोन पावलांवर होता, पण चेंडूकडे सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. त्याने जमिनीवर हात फिरवून तो शोधला, तोवर फलंदाजांनी तीन धावा काढल्या. म्हणूनच या खेळात क्षेत्ररक्षक चेंडूकडे धावून जाण्याऐवजी त्याच्या वाटेत आडवे झोकून देतात.

‘त्यातल्या काहींना तर दिसते!’

ही तक्रार हमखास ऐकू येते, आणि ती खरीही आहे. पूर्ण काळोख हा अंधत्वाचा एकच प्रकार आहे. आपल्याकडच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार चष्मा वगैरे लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल, म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारी वस्तू तीन मीटरवरूनही दिसत नसेल, तर ती व्यक्ती अंध ठरते. दृष्टीचा आवाका दहा अंशांपेक्षा कमी असणे हेही अंधत्वच आहे. दहा अंश म्हणजे किती हे पाहायचे असेल तर हात समोर लांब करून मूठ वळावी. ती मूठ जेवढी जागा झाकते तेवढेच जग दिसते, बाकी काही नाही, असे समजावे. असा माणूस वर्तमानपत्राचा मथळा वाचू शकेल आणि तरीही दारातल्या बादलीला अडखळून पडेल. मग शेजारीपाजारी त्याला ढोंगी म्हणतात, हे मी पाहिलेले आहे.

खेळात यासाठी तीन गट असतात. बी-१ मध्ये जवळजवळ काहीच न दिसणारे, बी-२ मध्ये अगदी अंधुक दिसणारे आणि बी-३ मध्ये त्याहून थोडे बरे दिसणारे खेळाडू येतात. क्रिकेटच्या अकरा जणांत किमान चार बी-१, किमान तीन बी-२ आणि जास्तीत जास्त चार बी-३ असावे लागतात. बी-१ फलंदाजाने काढलेली प्रत्येक धाव दुप्पट धरली जाते, त्याला धावायला सहकारी मिळतो आणि बी-१ क्षेत्ररक्षकाने एका टप्प्यावर पकडलेला झेलही बाद धरला जातो. परिणामी कर्णधाराला सतत हिशेब करावा लागतो: अंधुक दिसणारा फलंदाज चौकार मारील, पण पूर्ण अंध फलंदाजाच्या दोन धावांचे चार होतात, तर आधी कोणाला पाठवायचे? डोळस क्रिकेटमध्ये हा पेच नाही, आणि मला तो फार रंजक वाटतो.

‘नियम सोपे केले, मग तो खेळ कसला?’

नियम सोपे केलेले नसतात, ते दुसऱ्या वाटेवर आणलेले असतात. ज्युडोचे उदाहरण स्वच्छ आहे. कपिल परमार यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा ते भारताचे पॅरालिम्पिकमधले ज्युडोचे पहिलेच पदक होते. अंधांच्या ज्युडोत ठळक फरक एकच असतो: लढत सुरू होताना दोघांनी एकमेकांचा पोशाख धरलेला असतो. ती पकड एकदा मिळाली की पुढचे सगळे अंगाला कळते. आपल्या तालमीतला कुठलाही वस्ताद हे मान्य करील, कारण कुस्तीतही डाव डोळ्यांना दिसण्याआधी हाताला जाणवतो.

काही खेळ मात्र डोळस खेळांवरून घेतलेलेच नाहीत. गोलबॉल हा खेळ १९४६ मध्ये युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी तयार झाला आणि १९७६ पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे. अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद मैदान, दोन्ही टोकांना मैदानाच्या पूर्ण रुंदीचा गोल आणि प्रत्येक बाजूला तीन खेळाडू, अशी त्याची मांडणी असते. घुंगरू घातलेला सव्वा किलोचा चेंडू समोरच्याच्या गोलात सरपटत फेकायचा आणि समोरच्यांनी आवाजाच्या दिशेने आडवे पडून तो अंगाने अडवायचा. मैदानाच्या रेषा पट्टीखाली दोरी घालून उंच केलेल्या असतात, त्यामुळे आपण कुठे उभे आहोत हे पायाला आणि बोटांना कळते. सर्व खेळाडूंच्या डोळ्यांवर पूर्ण झाकणारी पट्टी असते, म्हणजे थोडे दिसणाऱ्याला त्याचा फायदा मिळू नये. या पट्टीमुळे आणखी एक गोष्ट शक्य होते: डोळस मुलगाही पट्टी बांधून शाळेत हा खेळ खेळू शकतो आणि बहुतेक वेळा हरतो.

फुटबॉलमध्ये आंधळी कोशिंबीर पुरती उलटी होते. पाच जणांच्या या फुटबॉलमध्ये गोलरक्षक डोळस असतो आणि उरलेले चार पट्टी बांधून खेळतात. चेंडू आत खुळखुळतो, बाजूंना उंच फळ्या असतात आणि चेंडूकडे जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ‘वॉय’ असे ओरडावे लागते. हा स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ ‘मी येतो आहे’ असा आहे. गप्प राहून अंगावर गेलात तर फाउल. शिवाय मैदानाचे तीन भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागात सूचना देण्याचा अधिकार एकाच डोळस माणसाला असतो: आपल्या गोलाजवळ गोलरक्षकाला, मध्ये प्रशिक्षकाला आणि समोरच्या गोलामागे उभ्या असलेल्या मार्गदर्शकाला. तिघे एकदम ओरडले तर लग्नाच्या पंगतीत वाढप्यांचा होतो तसा गोंधळ होईल, हे ओळखून केलेली ही वाटणी आहे.

बुद्धिबळाबद्दल नाशिकमध्ये फार सांगावे लागू नये, कारण ग्रँडमास्टर विदित गुजराथी आपल्या गावचा. अंधांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घरात भोक असते आणि मोहऱ्याच्या तळाची खुंटी त्यात बसते. काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टाचणीसारखे टोक असते. खेळाडू बोटे फिरवून पट वाचतो. मग ‘हात लावला ते मोहरे खेळलेच पाहिजे’ या नियमाचे काय करायचे? तर मोहरे भोकातून उपसले तरच त्याला हात लागला असे धरले जाते. संपूर्ण खेळात बदल म्हणाल तो एवढाच, आणि खेळी मोठ्याने सांगण्याचा. असा खेळाडू डोळस प्रतिस्पर्ध्याशीही बरोबरीने खेळतो.

बाकीची इंद्रिये खरेच तीक्ष्ण असतात का?

लासलगावच्या बाजारात मुरलेला व्यापारी कांदा हातात घेतो, अंगठ्याने दाबतो आणि तो किती दिवस टिकेल हे सांगतो. त्याच्या अंगठ्यात देवाने काही जास्तीचे घातलेले नसते. अंध व्यक्तीचे कानही कान म्हणून आपल्यासारखेच असतात. फरक सवयीचा आणि लक्ष देण्याचा असतो. लहानपणापासून अंध असलेल्या व्यक्तींच्या मेंदूत दृष्टीसाठी राखलेला भाग स्पर्श आणि आवाज यांच्या कामाला लागतो, हे संशोधनातून दिसले आहे. पण चाळिशीत दृष्टी गेलेल्या माणसाला आपोआप काहीच मिळत नाही. त्याला ब्रेल, पांढरी काठी, फोन हे सगळे बालवाडीपासून शिकावे लागते. ‘देव एक घेतो, एक देतो’ या आपल्या समजुतीमुळे त्या प्रशिक्षणाची गरजच कोणाच्या लक्षात येत नाही.

खिशातली नोट आणि हातातला फोन

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये छापल्या जाणाऱ्या नोटांपासूनच सुरुवात करता येईल. नवी करकरीत शंभराची नोट घेऊन कडेवर बोट फिरवावे: चार तिरक्या उंच रेषा लागतात आणि एक उंच त्रिकोण लागतो. पाचशेच्या नोटेवर रेषा पाच आणि खूण गोल असते. लांबी शंभराची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर असते, रुंदी मात्र तिन्हींची सारखीच असते. कल्पना चांगली आहे, पण चार मिलिमीटरचा फरक म्हणजे तांदळाचा एक दाणा, आणि भाजीबाजारात सहा महिने फिरलेल्या नोटेवरच्या रेषा बोटाला लागत नाहीत. म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये ‘मनी’ नावाचे ॲप काढले. फोनच्या कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते तिची किंमत बोलून सांगते आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

हा बोलणारा फोनच आज अंध व्यक्तीचे मुख्य साधन आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आधीपासूनच असतो, तर संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ फुकट मिळतो. तो कसा काम करतो हे समजण्यासाठी मिसळीच्या हॉटेलातला वेटर डोळ्यांसमोर आणावा. भिंतीवर पदार्थांचा फलक असला की आपण एका नजरेत हवे ते शोधतो. फलक नसला की वेटर एका दमात सगळी यादी म्हणून दाखवतो आणि आपल्याला ती ऐकावी लागते. अंध व्यक्तीसाठी प्रत्येक वेबसाइट म्हणजे असा वेटर असतो. पानावर नीट शीर्षके दिलेली असतील तर ‘फक्त गोड काय आहे ते सांगा’ असे त्याला म्हणता येते. बटणांना नावे दिलेली नसतील तर वेटर ‘पदार्थ, पदार्थ, पदार्थ’ एवढेच म्हणत राहतो, आणि अनेक ॲप्समध्ये आज खरोखर ‘बटण, बटण, बटण’ एवढेच ऐकू येते.

व्हिडिओ गेमचेही तेच. २०२३ मध्ये आलेल्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ या कारशर्यतीच्या गेममध्ये अंधांसाठी ध्वनिसूचना आहेत. वळण कोणत्या बाजूला आहे, गाडी रस्त्याच्या कडेला सरकते आहे का, ब्रेक केव्हा मारायचा, हे सगळे कानांत वेगवेगळ्या आवाजांनी कळते. शर्यत तीच राहते.

मराठीची स्वतःची अडचण

इथे दोष तंत्रज्ञानाचा नाही, आपल्या सवयीचा आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर पडद्यावर ‘नाशिक’ असा दिसतो, पण संगणकाच्या पोटात तिथे रोमन अक्षरांचा कचरा असतो. पाटी त्र्यंबकेश्वरची आणि बस सिन्नरची, असा तो प्रकार आहे. डोळे पाटी वाचतात, स्क्रीन रीडर बसमध्ये बसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला संगणकात स्वतःची ठरलेली खूण देणाऱ्या पद्धतीत, टाइप केले की पाटी आणि बस एक होतात. दुसरी सवय म्हणजे प्रत्येक सूचनेचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणे. फोटोत अक्षरे नसतात, अक्षरांचे चित्र असते. अंध खेळाडूंच्या एका स्पर्धेचे परिपत्रक माझ्याकडे आले ते असेच, सही-शिक्क्यानिशी, तिरक्या फोटोच्या रूपात. ज्यांच्यासाठी ते काढले होते त्यांना ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले. तीच सूचना मजकूर म्हणून टाइप करून पाठवायला एक पैसाही लागला नसता.

‘आता एआय आले, सगळे आपोआप होईल’

काही प्रमाणात होईल. कॅमेऱ्यासमोर धरलेल्या औषधाच्या खोक्यावरची तारीख आज फोन वाचून दाखवतो, खोलीचे वर्णनही करतो. पण तो चुकतो तेव्हाही तितक्याच आत्मविश्वासाने बोलतो, आणि चूक पकडायला लागणारी नजरच ऐकणाऱ्याकडे नसते. औषधाच्या बाबतीत हा धोका परवडणारा नाही.

शिवाय काही अडथळे यंत्राने नव्हे, यंत्र घडवणाऱ्याने घातलेले असतात. बँकेच्या ऑनलाइन केवायसीत ‘डोळे मिचकावा’ अशी सूचना येते. ज्याला पडदा दिसत नाही त्याचा चेहरा चौकटीत बसत नाही, आणि ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या व्यक्तीला तर ते मिचकावताच येत नाहीत. अशाच तक्रारींवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला आणि डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या अधिकाराचा भाग असल्याचे सांगितले.

‘इतक्या थोड्या लोकांसाठी एवढा खटाटोप?’ असेही विचारले जाते. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचे अपंगत्व असलेल्या व्यक्ती ५० लाखांहून अधिक होत्या, तेव्हा ‘थोडे’ हा शब्द जरा जपून वापरावा. खर्चाचे म्हणाल, तर तो बहुधा उशिरा जाग आल्यामुळे वाढतो. आपल्याच शहरातल्या एका पदपथावर अंधांसाठी उंचवट्यांच्या पिवळ्या फरशा बसवल्या आहेत, आणि त्यांची रांग सरळ विजेच्या खांबात जाऊन संपते. फरशांचे पैसे तर गेलेच. आता एक तर खांब हलवा नाही तर फरशा उखडा.

प्रेक्षकांनी काय करायचे?

सामना पाहायला जरूर जावे, पण एक अट पाळून. गोलंदाजाने ‘रेडी?’ विचारल्यापासून चेंडू थांबेपर्यंत बोलायचे नाही, फोन वाजू द्यायचा नाही, पोहे-चहाच्या गाडीवाल्यालाही हाक मारायची नाही. गोलबॉल आणि फुटबॉलमध्ये तर पंच प्रेक्षकांना गप्प करूनच खेळ पुढे नेतात. डोळस क्रिकेटमध्ये साइटस्क्रीनसमोरून, म्हणजे फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून गोलंदाजामागे लावलेल्या पडद्यासमोरून, कोणी गेले तर खेळ थांबतो; इथे गोंगाट म्हणजे साइटस्क्रीनसमोरून जाणारा माणूस. ज्या शहराचा ढोल अख्ख्या महाराष्ट्राच्या मिरवणुका गाजवतो, त्या शहराला हे जरा जड जाईल. ढोल आणायलाही हरकत नाही; फक्त शेवटचा गडी बाद झाल्याशिवाय त्यावर टिपरू पडता कामा नये.